रक्त मागायला कोणी जावं?

आत्याची उभी नोकरी रक्तपेढीत गेली. सुरुवात नागपुरात, मग निवृत्तीपर्यंत उत्तर कॅरोलायनातल्या एका रुग्णालयात, पिशव्या जुळवत. भाचा इथे सार्वजनिक आरोग्य शिकायला आला आणि राहिला. सुटीच्या दिवशी तो आपत्ती मदतीच्या स्वयंसेवकांबरोबर फिरतो. घर जळालेल्या कुटुंबाला पहिल्या रात्री निवारा, पांघरुणं, जळून गेलेल्या औषधांची नवी चिठ्ठी मिळवून देणं, हे त्याचं काम. दोघं एका घरात राहतात आणि एका प्रश्नावर त्यांचं अजिबात पटत नाही.

ग्रीन्सबरोतल्या काळ्या वस्तीतल्या एका चर्चबरोबर मराठी मंडळाला एक कार्यक्रम करायचा होता. सकाळी घरोघरी धुराचे अलार्म बसवायचे, दुपारी चर्चच्या हॉलमध्ये रक्तदान शिबीर. पत्रकात ‘आफ्रिकन-अमेरिकन रक्तदात्यांची विशेष गरज’ अशी ओळ घालावी, असं आत्याचं म्हणणं. भाच्याला ती ओळही नको होती आणि त्याच दिवशी शिबीरही. ठरवायच्या बैठकीला आम्ही कॅरीहून निघालो. मी मागच्या सीटवर होतो, आणि हायवेला लागेपर्यंत पुढच्या दोघांना माझा विसर पडला होता.

भाचा : आत्या, ती ओळ काढ. 1941 च्या नोव्हेंबरात रेड क्रॉसने काळ्या माणसांचं रक्त घ्यायलाच नकार दिला होता. ओरड झाल्यावर जानेवारी 1942 मध्ये घ्यायचं ठरलं, पण वेगळं ठेवायचं, वंशाची खूण करून. ती खूण 1950 पर्यंत टिकली. आणि आता आपण नागपूरची माणसं त्यांच्या चर्चमध्ये जाऊन सांगणार, तुम्ही काळे आहात म्हणून तुमचं रक्त हवंय?

आत्या : लुइझियानात तर 1958 साली कायदाच केला, रक्तावर वंश लिहायचा. 1972 पर्यंत होता तो. इतिहास मलाही येतो रे. तू मला पेशंटचं सांग. सिकलसेलचं पोर दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायला येतं. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या तपासून ज्या मुलांना पक्षाघाताचा धोका दिसतो, त्यांना नियमित रक्त दिलं तर तो धोका नव्वद टक्क्यांनी उतरतो, हे 1998 साली सिद्ध झालंय. त्या पोरांचं औषधच आहे ते. आज नाही, पुढच्या महिन्यात बघू, असं नाही म्हणता येत.

भाचा : मी कुठे म्हणतोय की देऊ नका?

आत्या : मग कुठलं देऊ ते ऐक. आपल्या मंडळातले लोक म्हणतात, ए-बी-ओ जुळलं की झालं. नाही होत. तांबड्या पेशीच्या अंगावर शेकडो खुणा असतात. ज्याला आयुष्यात एकदा पिशवी लागते त्याचं त्यावाचून सहसा अडत नाही. ज्याला जन्मभर लागते त्याचं अडतं. परकी खूण दिसली की शरीर अँटिबॉडी तयार करतं, मग ती खूण असलेली पिशवी पुन्हा चालत नाही. अशा दोन-चार अँटिबॉडी झाल्या की फ्रीज भरलेला असतो आणि त्या पोराला द्यायला त्यात काही नसतं. 1990 मध्ये व्हिचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे छापले. सिकलसेलच्या काळ्या रुग्णांत अशा अँटिबॉडी तीस टक्के, आणि दुसऱ्या कारणाने कायम रक्त घ्यावं लागणाऱ्या इतर वंशांच्या रुग्णांत पाच टक्के. दाते बहुतेक गोरे, रुग्ण काळे. सी, ई, केल, डफी, या खुणांचं प्रमाण दोघांत निराळं.

भाचा : हा मलेरियाचा नकाशा झाला, आत्या, वंशाचा नाही. डफीची खूण नसली की व्हायव्हॅक्स मलेरिया सहसा शिरत नाही, म्हणून पश्चिम आफ्रिकेत ती खूण जवळजवळ नाहीशी झाली. सिकलसेलचं एकच जनुक असलेलं मूल फाल्सिपेरमच्या तापातून तगतं, म्हणून ते जनुक पश्चिम आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे आणि आपल्या गडचिरोली-नंदुरबारातही आहे. यात कातडीचा रंग आलाच कुठून?

आत्या : कमतरतेतून आला. प्रत्येक दात्याची सगळी जनुकीय तपासणी झाली असती तर मी कुणाला वंश विचारला नसता. ती अजून सगळ्यांची होत नाही. तोपर्यंत रेड क्रॉसचा हिशेब असा, की काळ्या दात्यांपैकी तिघांत एकाचं रक्त सिकलसेलच्या रुग्णाला जुळतं. रात्री दोन वाजता फ्रीज उघडून उभ्या असलेल्या बाईला तिघांत एक पुष्कळ असतो. आणि बॉम्बे ब्लड ग्रुपचं काय करशील? 1952 साली मुंबईत डॉ. भेंड्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिला. तपासणीत ओ वाटतो, पण त्या माणसाला ओ सुद्धा चालत नाही. भारतात साधारण दहा हजारांत एक, गोऱ्यांत त्याहून कितीतरी दुर्मीळ. उद्या रालेमध्ये कुणाला लागला तर पहिला फोन मी मराठी मंडळालाच करीन. तुला अपमान वाटेल का?

भाचा : नाही वाटणार. पण माझ्या आजोबांच्या पिढीला कुणी फसवून टोचलेलं नाही. टस्कीगीत 1932 पासून 1972 पर्यंत सरकारी डॉक्टरांनी सहाशे काळ्या माणसांचा अभ्यास केला. त्यातल्या 399 जणांना सिफिलिस होता. ‘दूषित रक्ता’वर उपचार करतो म्हणून सांगायचे, रक्त काढून न्यायचे, आणि पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही. क्लिंटननी माफी मागितली ती 1997 साली. तुझा फोन आणि त्यांचा फोन एकच कसा?

आत्याने यावर वाद घातला नाही. तिने खिडकी खाली केली आणि मेबन गाव गेलं का ते विचारलं. मला मात्र मागे बसून वाटत होतं की भाच्याचं खरं दुखणं रक्ताचं नाही. रक्तात त्याला फारसं कळतही नाही. त्याचं दुखणं मदतीचं आहे, आणि ते थोड्याच वेळात बाहेर आलं.

भाचा : तू म्हणतेस अलार्म आणि शिबीर एकाच दिवशी. म्हणजे सकाळी मदत घेऊन जायचं आणि दुपारी बदल्यात हात पुढे कर म्हणायचं. 1927 चा मिसिसिपीचा पूर आठव. 21 एप्रिलला माउंड्स लँडिंगचा बांध फुटला. ग्रीनव्हिलला तेरा हजारांच्या आसपास काळी माणसं उरलेल्या बांधावर जाऊन बसली. आगबोटी आल्या होत्या. त्यांतून मुख्यतः गोऱ्या बायका-मुलांना नेलं. काळ्यांना नेलं नाही, कारण एकदा गेलेलं कूळ परत येणार नाही ही जमीनदारांची भीती. बांधावर रेड क्रॉसची छावणी. भोवती नॅशनल गार्डचा पहारा. अंगावर बिल्ला नसेल तर शिधा नाही, आणि बिल्ला म्हणजे तुझा मालक कोण, तू कामाला लागलास का. रात्रभर राबून आलेल्या एका माणसाने दिवसपाळीला नकार दिला तर पोलिसाने त्याला गोळी घातली. हे सगळं मदतीच्या नावाखाली.

त्याच्या एक महिना आधी, 20 मार्च 1927 ला, महाडला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले होते. दोन तारखा मी आजवर कधी शेजारी ठेवल्या नव्हत्या. महाडला पाण्यापर्यंत जाण्यासाठी लढा होता, ग्रीनव्हिलला पाण्यातून बाहेर पडण्यासाठी, आणि दोन्हीकडे वाट अडवून उभे होते ते गावचे प्रतिष्ठित. हे मी बोललो नाही, कारण गाडीत बोलायला जागाच नव्हती.

आत्या : आणि पूरमदतीचा कारभार बघणाऱ्या हूवरने टस्कीगी संस्थेच्या मोटन यांच्या हाताखाली काळ्या पुढाऱ्यांची समिती नेमली, समितीने छावण्यांत काय चाललंय ते लिहून दिलं, आणि ते लोकांपुढे येऊ दिलं नाही. माहीत आहे. पण 1893 पण सांग की. साउथ कॅरोलायनाच्या बेटांवर वादळ आलं, तीस हजारांवर माणसं उघड्यावर, जवळजवळ सगळी काळी, गुलामीतून सुटून जेमतेम तीस वर्षं झाली होती. क्लारा बार्टन सत्तरीच्या होत्या. रेड क्रॉस घेऊन गेल्या आणि दहा महिने राहिल्या. बियाणं वाटलं, चर खणून शेतातलं खारं पाणी काढलं, बायकांची शिवणमंडळं उभी केली. संस्था तीच. माणसं कोण पाठवतो आणि गावातला कारभार कुणाच्या हातात देतो, त्यावर ठरतं.

भाचा : बरोबर. मग कत्रिना वादळात, 2005 मध्ये, न्यू ऑर्लीन्सला कारभार कुणाच्या हातात होता?

आत्या : तिथे राज्य सरकारनेच रेड क्रॉसला शहरात येऊ नका म्हणून सांगितलं होतं.

भाचा : सांगितलं असेल. सुपरडोममध्ये आणि कन्व्हेन्शन सेंटरबाहेर बसलेल्या माणसाला कुणी कुणाला काय सांगितलं हे दिसत नाही. त्याला एवढंच दिसतं की कुणी आलं नाही. आणि आलं कोण, तर अल्जियर्स भागात राहणारा मलिक रहीम. जुना ब्लॅक पँथर. कत्रिना 29 ऑगस्टची, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याने आणि दोस्तांनी ‘कॉमन ग्राउंड’ उभं केलं. थोड्याच दिवसांत तिथल्या मशिदीत दवाखाना सुरू. रक्तदाब, इन्सुलिन, धनुर्वाताचं इंजेक्शन. कुणालाही ओळखपत्र विचारलं नाही.

आत्या : अरे, मग पँथरांचंच घे ना! 1971 मध्ये सिकलसेलची चाचणी वस्तीत कुणी नेली? पँथरांनी. बोट टोचायचं, तिथल्या तिथे सांगायचं. निक्सनचा सिकलसेलचा कायदा 1972 चा, त्यांच्यानंतरचा. ते वंश बघूनच चाचणी करत होते की नाही? त्यांनी काळ्यांना काळे म्हणून बोलावलं, तर तुला चालतं.

भाचा : त्यांनी बोलावलं, म्हणूनच चालतं. आणि सरकारने तेच हातात घेतल्यावर काय झालं तेही सांग. काही राज्यांनी काळ्यांवर चाचणीची सक्ती केली. नुसते वाहक असलेल्या धडधाकट माणसांच्या नोकऱ्या अडल्या, विमा अडला. हवाई दलाच्या अकादमीत 1981 पर्यंत वाहकाला प्रवेश नव्हता. तोच कागद, तीच सुई. आज रेड क्रॉस काळ्या दात्यांच्या रक्तात सिकलसेलचं जनुक तपासतं, 2021 पासून. हॉलमध्ये बसलेल्या सत्तर वर्षांच्या बाईला त्या चाचणीचं नाव ऐकून काय आठवेल?

आत्या : तपासतात कारण वाहकाचं रक्त सिकलसेलच्या रुग्णाला देत नाहीत, आणि पांढऱ्या पेशी गाळायच्या फिल्टरमध्ये ते अडकतं. पण दुसऱ्या रुग्णाला चालतं. वाहकाने रक्त देऊ नये हा गैरसमज आहे, नागपुरातही होता. आणि तो निकाल दात्याला फुकट कळतो, त्याचा.

भाचा : तू मला पटवू नकोस, त्या बाईला पटव.

हॉ रिव्हरची पाटी आली तेव्हा आत्याने गाडी 49 नंबरच्या रस्त्याला घ्यायला लावली. उशीर होईल असं भाचा म्हणाला, पण वळला. तिथे रस्त्याच्या कडेला डॉ. चार्ल्स ड्रू यांचं स्मारक आहे. 1 एप्रिल 1950 च्या पहाटे तीन सहकारी डॉक्टरांबरोबर ते टस्कीगीच्या मोफत दवाखान्याला निघाले होते. गाडी चालवताना डोळा लागला. त्या अपघातात ते गेले तेव्हा शेचाळीस पुरी व्हायला दोन महिने कमी होते.

भाचा : रक्त साठवायचं शास्त्र ज्याने शिकवलं, तो काळा म्हणून गोऱ्यांच्या रुग्णालयाने रक्त न देता मेला.

आत्या : हे मात्र खोटं आहे. अलामान्स जनरलमध्ये गोऱ्या डॉक्टरांनी त्यांच्यावर उपचार केले. छाती आणि मेंदूला इतका मार होता की उपयोग झाला नाही. बरोबरच्या काळ्या डॉक्टरांनीच हे पुढे सांगितलंय. लोक असंही म्हणतात की रक्त वेगळं ठेवतात म्हणून निषेधाने राजीनामा दिला. तेही तसं नाही. ते 1941 च्या वसंतातच हॉवर्ड विद्यापीठात परतले होते. टीका केली, उघड केली, हे शास्त्राला धरून नाही असं म्हणाले. त्यांचं काम दंतकथेशिवायही मोठं आहे. 1940 मध्ये न्यू यॉर्कच्या रुग्णालयांतून साडेचौदा हजारांच्या आसपास दात्यांचं रक्त घेऊन त्याचा प्लाझ्मा ब्रिटनला पाठवला, एक ठरलेली रीत बसवून. तीच रीत आम्ही पुढे वापरली.

भाचा : मग लोकांनी ती गोष्ट का धरली? सांगतो. त्याच वर्षी, 1950 च्या 1 डिसेंबरला, याच जिल्ह्यात एका काळ्या विद्यार्थ्याच्या गाडीला अपघात झाला. महायुद्धात लढून आलेला मुलगा. अलामान्समधून त्याला ड्यूकला पाठवलं. ड्यूकने काळ्यांसाठीच्या खाटा भरल्यात म्हणून घेतला नाही, आणि थोड्याच वेळात तो गेला. स्पेन्सी लव्ह यांनी ड्रूंवरच्या पुस्तकात दोन्ही हकिगती शेजारी मांडल्यात. लोकांनी फक्त नाव बदललं, आत्या. बाकीची गोष्ट घडलेलीच होती.

आत्याला हे माहीत नव्हतं. तिने त्याला पुन्हा एकदा तारीख विचारली.

माझं मत विचाराल तर शास्त्राच्या बाबतीत आत्याचंच खरं, आणि ते अर्धवट खरं नाही, पूर्ण खरं आहे. जनुकोपचार आला, डिसेंबर 2023 मध्ये पहिल्या दोन उपचारांना मंजुरी मिळाली, पण तेव्हा त्यातल्या एकाची किंमत बावीस लाख डॉलर होती. अमेरिकेतल्या लाखभर रुग्णांपैकी बहुतेकांना उद्याही पिशवीच लागणार. पण भाचा जे म्हणत होता ते आत्याच्या शास्त्राला खोडत नव्हतं. त्याचा मुद्दा निराळ्या खात्यावरचा होता. आपत्तीत कोण आलं याची नोंद वस्तीत रक्तदानाच्या खात्यावरच होते. आपल्याकडे गणेशमंडळाच्या किंवा 6 डिसेंबरच्या शिबिराला तरुण जातात, ते रक्तपेढीच्या पत्रकामुळे जात नाहीत. मांडवातला ओळखीचा माणूस हाक मारतो म्हणून जातात, आणि तो माणूस पुरातही आलेला असतो.

आत्या : मग तुझ्या मते शिबीर कधी?

भाचा : आधी अलार्म. तीन महिने जाऊ देत. एखादं घर जळेल, आपण रात्री तिथे पोचू, लोक ओळखायला लागतील. मग.

आत्या : लाल पेशी बेचाळीस दिवस टिकतात. तुझ्या तीन महिन्यांत फ्रीज दोनदा रिकामा होतो. ओळख वाढेपर्यंत पोरांनी थांबायचं का?

भाचा : आणि घाई केलीस तर एकदाच येतील.

आत्या : एकदा येण्याचीही मला एक भीती आहे, ती तुला सुचलेली नाही. हिमोग्लोबिन. बाईला साडेबारा लागतं, पुरुषाला तेरा. आफ्रिकन वंशाच्या बायकांत ते सरासरीने थोडं कमीच असतं, त्यात पाळीचा रक्तस्राव. पहिल्यांदा आलेली मुलगी रांगेत उभी राहते, बोट टोचून घेते आणि तिला टेबलावरून परत पाठवतात. घरी जाऊन ती काय सांगेल? माझं रक्त घेतलं नाही. तू 1941 म्हणतोस ना, ते तिथे होतं, माझ्या टेबलावर.

भाचा : मग?

आत्या : मग आधीच्या रविवारी जाऊन सांगायला हवं. लोहाच्या गोळ्या, आकडा कमी आला तर त्याचा अर्थ काय, पुन्हा कधी यायचं. आणि परत पाठवलेल्याशी बोलायला टेबलाच्या पलीकडे माणूस हवा. तू बस.

भाचा : म्हणजे दोन वेगळे दिवस झाले.

आत्या : दोन झाले. तीन महिने नाही झाले.

चर्चच्या तळघरात बैठक होती. आमची गाठ पडली ती निवृत्त नर्स असलेल्या बाईंशी. चर्चच्या आरोग्य समितीचं त्याच बघतात. आत्याने पत्रकाचा कच्चा मसुदा पुढे केला, भाच्याने लगेच तारखांबद्दल खुलासा सुरू केला. बाईंनी मसुदा वाचला, ती ओळही वाचली, आणि बाजूला ठेवला. शिबीर त्यांच्याकडे दरवर्षी होतंच. ओमेगा साय फाय या काळ्या विद्यार्थी-बंधुसंघाचे लोक करतात, ड्रूंच्या नावानेच करतात, कारण ड्रू त्यांच्यातलेच, संघाच्या गीताचे शब्दही त्यांचे. गेल्या वर्षीच्या शिबिरात सिकलसेलच्या एका मुलाच्या आईने माइकवर पाच मिनिटं बोलून घेतलं होतं. पत्रकाची त्यांना गरज नव्हती. लोहाच्या गोळ्यांचं ऐकल्यावर मात्र त्यांनी आत्याला खुर्ची पुढे ओढायला सांगितलं, आणि येत्या दोन रविवारांपैकी कुठला जमेल ते विचारलं.

मग त्यांनी भाच्याला विचारलं, शिड्या किती आहेत? वस्तीतली छतं उंच आहेत, आणि त्यांच्याकडे फक्त दोन.

मंडळाकडे मखराच्या वेळच्या चार आहेत, भाचा म्हणाला.

आणि त्या दिवशी रक्त द्यायला तुमच्यातले किती येतील? ओ गट कुणाचाही चालतो, त्या म्हणाल्या, गोळी लागलेल्या किंवा बाळंत होणाऱ्या माणसाला डफी कोण विचारतो.

भाचा आत्याकडे बघायला लागला. तो स्वतः जानेवारीत नागपूरला जाऊन आला होता, म्हणजे मलेरियाच्या नियमाने तीन महिने बाद. नव्याने भारतातून आलेली कुटुंबं तीन वर्षं बाद. आत्याने पर्समधून पेन काढलं आणि त्याच पत्रकाच्या मागे मंडळातली नावं लिहायला घेतली. डिसेंबरात लग्नाला पुण्याला कोण गेलं होतं आणि कोण गेलं नव्हतं, यावर दोघांचा पुन्हा वाद सुरू झाला.